यूथ चॅलेंज की जॉब कोर? सतरा वर्षांच्या मुलासाठी निवडताना

अमेरिकेत हायस्कूल अर्ध्यावर सोडलेल्या मुलासाठी राहण्या-जेवणासकट फुकट असे सरकारी पर्याय मोठे म्हणावेत असे दोनच. नॅशनल गार्डचं, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्याचं, यूथ चॅलेंज आणि कामगार खात्याचं जॉब कोर. माझ्या भाच्याच्या वेळी ताईने आणि मी दोन्हींची चौकशी केली, दोन्हींचे फॉर्म आणले आणि एक भरला. कुठला, ते पुढे कळेलच. पण तुमचा मुलगा माझा भाचा नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी तिसऱ्या सल्ल्याबद्दल, कारण तो प्रत्येक मराठी घरात येतोच: "इंडियात पाठव, नाशिकला भोसलाला घाल, नाहीतर साताऱ्याच्या सैनिक स्कूलला." सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण सैनिक स्कूल सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडते. अकरावीत शाळेला रामराम ठोकलेल्या मुलासाठी ती काढलेलीच नाही. हा विषय इथेच संपवू.

'मिलिटरी' म्हटल्यावर ताईच्या पोटात गोळा आला होता. चॅलेंजमध्ये युनिफॉर्म असतो, प्लाटून असते, केस बारीक कापतात, पहाटे उठवून पळवतात, मोबाइल काढून घेतात. पण सैन्यात भरती होण्याचं कसलंही बंधन नाही. १९९३ पासून हा कार्यक्रम चालू आहे, ७५ टक्के खर्च केंद्र सरकार करतं आणि उरलेला राज्य. प्रवेशाचं वय १६ ते १८. एकूण २२ आठवडे, त्यातले पहिले दोन चाळणीचे. बरीच मुलं त्या दोनांतच घरी परततात. आणि महत्त्वाचं म्हणजे इथे कोर्टाच्या हुकमाने किंवा आईबापांच्या जोरावर कुणाला पाठवता येत नाही. मुलाने स्वतः 'येतो' म्हणावं लागतं. आमच्या घरी हे 'येतो' निघायला जेवढा वेळ लागला, तेवढा पुढच्या कुठल्याच गोष्टीला लागला नाही.

जॉब कोर १९६४ चं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी कायद्यातून आलेलं. तिथे १६ ते २४ वयाची मुलं-मुली घेतात, पण घरचं उत्पन्न कमी असावं लागतं. आयटीत दोघं कमावणाऱ्या घरापुढे हा पर्याय येतच नाही. ताई एकटी, तासावर पगार, म्हणून आमच्यापुढे आला. कागदावर तोच सरस वाटतो, हे मी आजही म्हणेन. वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, नर्सिंग असिस्टंट, हॉटेलचा स्वयंपाक यांतलं काहीतरी शिकून मुलगा बाहेर पडतो, वर थोडा हातखर्चही मिळतो. चॅलेंजमधून बाहेर पडताना हातात असा कुठलाच धंदा नसतो. तिथे शाळेची राहिलेली क्रेडिट्स भरून निघतात किंवा जीईडी, म्हणजे हायस्कूलच्या तोडीची परीक्षा, होते, समाजसेवेचे किमान ४० तास होतात आणि शिस्त लागते. पोट भरायचं कसं, हा प्रश्न तसाच राहतो.

मग जॉब कोरचं कशामुळे अडलं? 'आपापल्या गतीने' या एका गोष्टीमुळे.

जॉब कोरमध्ये वर्गाची तुकडी एकत्र सुरू होत नाही आणि एकत्र संपत नाही. वर्षभरात कधीही आत जा, आपल्या वेगाने शिका, झालं की बाहेर पडा. साधारण दोन वर्षांची मर्यादा. कधी सुरू होणार? जागा झाली की कळवू. किती दिवस लागतील? ते त्याच्यावर आहे. मोठ्या, जबाबदार माणसासाठी ही सोय आहे. पण आमच्या घरातलं दुखणं नेमकं तेच होतं. शाळेत मागे पडला तेव्हाही सगळे म्हणायचे, त्याला त्याच्या वेगाने करू दे, आणि त्याचा वेग म्हणजे दुपारी दोनला उठून रात्री तीनपर्यंत गेम. 'उद्या बघू' म्हणणाऱ्या मुलाला 'उद्या बघू' म्हणणारीच व्यवस्था द्यायची, हे मला पटेना. फोनवरच्या बाई अगदी गोड बोलत होत्या, त्यांचा काही दोष नाही. पण तारीख सांगा म्हटलं की उत्तर नाही.

चॅलेंजचं वारीसारखं आहे. तुमची तयारी असो-नसो, ठरल्या तिथीला पालखी निघते आणि ठरल्या तिथीला पंढरपुरात पोचते. कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो, लॉस अलामिटोस आणि लॅथ्रॉप अशा तीन ठिकाणी अकादमी आहेत, वर्षाला दोन तुकड्या, जानेवारीत आणि जुलैत. हुकलात तर सहा महिने थांबा, हा त्याचा तोटा. पण ज्या दिवशी मुलगा आत जातो, त्या दिवशी त्याला आणि आईला दोघांनाही बाहेर पडायची तारीख ठाऊक असते. भाच्याच्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात उरलेल्या आठवड्यांचा आकडा लिहिलेला असे. सुरुवातीच्या पत्रांत तो आकडा मजकुरापेक्षा मोठा असायचा. पुढे मजकूर वाढला. माझ्यापुरती हीच मोजणी पुरेशी होती.

चॅलेंजची आपल्या लोकांना सर्वांत जड जाणारी अट वेगळीच आहे. अर्जाबरोबरच मेंटॉर शोधून द्यावा लागतो, जो निवासी भाग संपल्यावर वर्षभर मुलाच्या संपर्कात राहील. मुलासाठी पुरुष, मुलीसाठी बाई, आणि आईवडील किंवा घरात राहणारं माणूस चालत नाही. म्हणजे घरातली गोष्ट बाहेर सांगणं आलं. महाराष्ट्र मंडळात कळलं तर? ताईला याचीच धास्ती. शेवटी ढोल-ताशा पथकातल्या एका काकांना विचारलं. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि "किती वाजता फोन करायचा?" एवढंच विचारलं. ते वर्ष संपेपर्यंत माझ्यापेक्षा त्यांचंच भाचा जास्त ऐकत होता, हे मान्य करायला हरकत नाही.

आकडे हवे असतील तर २०११ चा चॅलेंजचा अभ्यास आहे. अर्ज केलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्या तशी मुलं निवडली आणि तीन वर्षांनी पाहिलं. संधी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी होती, न मिळालेल्यांत ५६ टक्क्यांकडे. कमाई साधारण २० टक्क्यांनी जास्त. जॉब कोरचाही असाच मोठा अभ्यास झाला. त्यात कमाईतली वाढ पुढे टिकली ती मुख्यतः विशीपुढच्यांची, १६-१७ च्या मुलांची नाही. मला हे नंतर वाचायला मिळालं, पण आश्चर्य वाटलं नाही.

२०२५ च्या मे अखेरीस कामगार खात्याने कंत्राटदारांकडची ९९ जॉब कोर केंद्रं थांबवायचं जाहीर केलं आणि जूनमध्ये न्यायालयाने ते रोखलं. तेव्हा जवळचं केंद्र नवी मुलं घेतंय का, हे आधी फोन करून विचारा.

चॅलेंजमध्ये सगळं छान झालं असं नाही. घरी आल्यावर तोच सोफा, तेच मित्र, आणि पहाटे उठवणारं कुणी नाही. पहिले काही महिने घरात ताण होता. जॉब कोरमधून आला असता तर कदाचित थेट कामावर गेला असता. आमचा आता कम्युनिटी कॉलेजात एअर कंडिशनिंग दुरुस्तीचा कोर्स करतोय, म्हणजे धंदा शिकवायचं काम चॅलेंजने केलं नाहीच, ते पुढे ढकललं.

म्हणून मुलगा सोळा-सतराचा असेल, कुणाचं ऐकत नसेल, पण नाखुशीने का होईना 'येतो' म्हणाला असेल, तर मी चॅलेंजकडे झुकेन. जानेवारीची तुकडी हवी असेल तर उन्हाळ्यातच मेंटॉर शोधायला लागा, बाकीचे कागद त्यामानाने लवकर जमतात. एकोणीस पूर्ण झाली असतील तर चॅलेंजचं दार बंदच आहे. मग जॉब कोर बघा, आणि तिथे पहिला प्रश्न हा विचारा की त्याला हवा तो धंदा या केंद्रात शिकवतात का, आणि त्या वर्गात जागा कधी आहे.