घडीची मोबिलिटी स्कूटर आणि वॅगनआर
घडीच्या मोबिलिटी स्कूटरसाठी (चालायला त्रास असणाऱ्यांची बॅटरीवर चालणारी, घडी होणारी छोटी गाडी) छोट्या कारमध्ये वॅगनआर उजवी. डिकी 341 लिटरची, पण नुसत्या लिटरवर जाऊ नका. टेप घेऊन डिकीचं तोंड सर्वांत अरुंद जागी मोजा. शोरूममध्ये स्कूटरच नेऊन ठेवून बघा. बऱ्याचदा हँडल दोन बोटांनी अडतं आणि मागचं दार लागत नाही. 60:40 सीटचंच, म्हणजे मागची सीट दोन भागांत वेगवेगळी पडणारं व्हेरियंट घ्या, एक भाग पाडूनही मागे माणूस बसतो. सीएनजी मात्र नकोच, टाकी डिकी खाते. खरी अडचण डिकीच्या उंच काठाची: 25 किलोचा सांगाडा त्यावरून नेताना कंबर भरते. आधी बॅटरी काढा, तळाशी जुनी सतरंजी अंथरा, स्कूटर पट्ट्याने आवळा. नाहीतर ब्रेक दाबताच ती पुढे सरकते.