किंग्स्टन: गाडीने, रेल्वेने की बसने?

आई-बाबा उन्हाळ्यात टोरोंटोला आले की पहिल्या पंधरवड्यात नायगारा होतो, सीएन टॉवर होतो, देऊळ होतं, आणि मग "आता कुठे नेऊ यांना?" सुरू होतं. ऑटवा-मॉन्ट्रियलचा दौरा सगळ्यांना झेपत नाही. अशा वेळी मी किंग्स्टनचं नाव सुचवते. ऑन्टॅरिओ सरोवर जिथे संपतं आणि सेंट लॉरेन्स नदी सुरू होते, नेमकं त्या टोकावर वसलेलं हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव. टोरोंटोहून साधारण २६० किलोमीटर. १८४१ ते १८४४ अशी तीन वर्षं ते कॅनडा प्रांताची राजधानी होतं. त्या थाटात सिटी हॉलची भलीमोठी घुमटाची इमारत उभी राहिली आणि ती पुरी होते न होते तोच राजधानी मॉन्ट्रियलला हलली. इमारत मात्र आजही गावाच्या मानाने मोठी वाटावी इतकी ऐटीत पाण्याकडे तोंड करून उभी आहे.

जायचं ठरलं की पहिला प्रश्न वाहनाचा. माझं मत आधीच सांगून टाकते: दोघं असाल तर रेल्वेने जा आणि एक रात्र राहा. चौघं असाल, किंवा किंग्स्टनच्या आजूबाजूचंही बघायचं असेल, तर गाडी घ्या. एका दिवसात गाडीने जाऊन परत येणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट पर्याय. सहा तास गाडीत बसून चार तास गाव बघायचं, त्यातला एक तास जेवणात.

तिथवर पोचणं

गो ट्रेन, म्हणजे टोरोंटो परिसरातली लोकल, किंग्स्टनला जात नाही, हे नव्याने आलेल्यांना माहीत नसतं. पूर्वेकडची गो लाइन ओशावाला संपते. पुढे जायचं तर टोरोंटोच्या युनियन स्टेशनवरून व्हिया रेल, म्हणजे लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे. सव्वादोन ते पावणेतीन तास लागतात, पाय पसरून बसता येतं, वयस्कर माणसांना स्वच्छतागृहाची चिंता राहत नाही, आणि काही ठिकाणी खिडकीतून सरोवर दिसतं. तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त; आयत्या वेळी शुक्रवार संध्याकाळचं तिकीट बघितलंत तर डोळे पांढरे होतील. परत येताना मात्र रेल्वेच्या वेळापत्रकावर विमान बेतू नका. टोरोंटो-मॉन्ट्रियल मार्गाचे रूळ व्हियाच्या मालकीचे नाहीत, सीएन या मालवाहतूक कंपनीचे आहेत. पुढे लांबलचक मालगाडी असली की प्रवासी गाडीला ताटकळावं लागतं. अर्धा-पाऊण तास उशीर धरूनच पुढचं ठरवा.

बस युनियन स्टेशनलगतच्या टर्मिनलवरून सुटते आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडते. क्वीन्स विद्यापीठातली पोरं याच बसने ये-जा करतात. पण बसही त्याच ४०१ नंबरच्या हायवेवर अडकते जिथे तुमची गाडी अडकणार असते, म्हणजे वेळ वाचत नाही, फक्त पैसे वाचतात. एकटे असाल, पाठीवर एक सॅक असेल, तर खुशाल घ्या. आई-बाबांना मात्र नको.

गाडीचा हिशेब माणसांवर ठरतो. तीन माणसांची दोन्ही बाजूंची रेल्वे तिकिटं काढली की पेट्रोल आणि पार्किंग मिळूनही गाडी स्वस्त पडते. रस्ता मोकळा असेल तर पावणेतीन तास. मोकळा नसतोच, विशेषतः उन्हाळ्यातल्या शुक्रवारी दुपारनंतर पिकरिंग ते बोमनव्हिल. ४०७ या टोलच्या हायवेने वळसा घालता येतो: ब्रॉक रोडच्या पूर्वेकडचा तिचा सरकारी तुकडा जून २०२५ पासून टोलमुक्त आहे. पश्चिमेकडच्या तुकड्याचं बिल मात्र घरी येतं तेव्हा घाम फुटतो. शनिवारी सकाळी सहाला निघालात तर यातलं काहीच करावं लागत नाही. वाटेत ट्रेंटनच्या ऑनरूट या हायवेवरच्या थांब्यावर चहा घ्या. चहा यथातथाच असतो, पण पाय मोकळे होतात.

गाडीचा खरा फायदा परतीच्या वाटेवर आहे. ४०१ सोडून सरोवराच्या कडेकडेने जाणारा ३३ नंबरचा लॉयलिस्ट पार्कवे घ्यायचा, ग्लेनोराच्या फुकटच्या फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पंधरा मिनिटांत प्रिन्स एडवर्ड काउंटीत उतरायचं. तिथेच वर टेकडीवर 'लेक ऑन द माउंटन' आहे. पाण्याचं एक तळं वर, आणि कड्यावरून खाली बघितलं तर दुसरं पाणी खूप खाली. रेल्वेवाल्यांच्या नशिबी हे नाही.

पोचल्यावर

रेल्वे स्टेशन आणि बस टर्मिनल दोन्ही जॉन काउंटर बुलेव्हार्डवर, म्हणजे मध्यवस्तीपासून चार-पाच किलोमीटर लांब. हा रेल्वेचा सगळ्यात मोठा तोटा. सिटी बस आहे, पण सामान आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर सरळ टॅक्सी करा. एकदा सिटी हॉलपाशी उतरलात की बहुतेक गोष्टी पायी होतात, आणि इथे गाडीवाल्यांची पंचाईत सुरू होते. जुन्या भागातले रस्ते अरुंद, बरेचसे एकेरी. गाडी हॉटेलवर लावून विसरून जाणं उत्तम.

सिटी हॉलच्या मागे स्प्रिंगर मार्केट स्क्वेअर आहे. इथला बाजार १८०१ पासून भरतो. मोसमात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. शनिवारीच जा. तिथून पाण्याच्या कडेने पश्चिमेकडे चालत निघालं की उजवीकडे चुनखडीच्या दगडाची करडी घरं, डावीकडे सरोवर. याच दगडामुळे किंग्स्टनला 'लाइमस्टोन सिटी' म्हणतात. वाटेत १८४६ चा मर्नी टॉवर लागतो, जाडजूड भिंतींचा गोल बुरूज. पुढे ब्रेकवॉटर पार्क आणि गायक गॉर्ड डाउनी यांच्या नावाचा धक्का. जुलैत इथे पोरं धक्क्यावरून धडाधड पाण्यात उड्या मारत असतात. पाणी तेव्हाही गारच असतं, तुम्ही पावलं बुडवा आणि समाधान माना. बाकं भरपूर आहेत, चढ नाही. गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसालाही हा पट्टा जमतो.

फोर्ट हेन्री मात्र खाडीपलीकडच्या टेकडीवर. मध्ये लासाल कॉजवे हा पाण्यावरून जाणारा रस्ता आहे, ज्यावरचा १९१७ चा उचलता पूल मार्च २०२४ मध्ये दुरुस्तीच्या कामात निकामी झाला आणि शेवटी पाडावा लागला. आता तिथे तात्पुरता पूल आहे, तेव्हा निघण्याआधी रस्ता चालू आहे ना ते नगरपालिकेच्या साइटवर बघा. गाडी असेल तर उत्तरेकडचा वाबान पूल हा दुसरा मार्ग, डिसेंबर २०२२ पासून सुरू असलेला. तो जॉन काउंटर बुलेव्हार्डलाच जोडलेला आहे, म्हणजे स्टेशनवरून थेट किल्ल्यावर जायचं तर गावात शिरायचीही गरज नाही.

किल्ला की तुरुंग

अर्धाच दिवस हातात असेल तर दोन्ही होत नाहीत. फोर्ट हेन्री १८३०च्या दशकातला. अमेरिकेकडून हल्ला झाला तर ऑटवाला जाणाऱ्या रिडो कालव्याचं तोंड राखायला बांधलेला, आणि हल्ला कधी झालाच नाही. २००७ पासून रिडो कालव्यासोबत तो युनेस्कोच्या यादीत आहे. लाल डगले घातलेले विद्यार्थी कवायत करतात, तोफ उडवतात. लहान मुलं सोबत असतील तर प्रश्नच नाही. पण रायगड-प्रतापगड चढलेल्या बाबांना तो 'एवढाच?' वाटू शकतो, ही तयारी ठेवा.

मला विचाराल तर तुरुंग. किंग्स्टन पेनिटेन्शरी १८३५ ला सुरू झालं आणि २०१३ ला बंद झालं. इतकी वर्षं सलग कैदी ठेवलेली जागा आता तिकीट काढून बघता येते. तिथे काम केलेले निवृत्त कर्मचारी मधल्या थांब्यांवर भेटतात आणि आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगतात. कोठडीत उभं राहून हात पसरलेत की दोन्ही भिंती किती जवळ आहेत ते कळतं, आणि भिंतीपलीकडे लगेच सरोवर आहे हे आठवलं की जरा विचित्र वाटतं. फेरी साधारण दीड तासाची, सगळी उभ्याने. वीकेंडची तिकिटं आधीच काढा. लहान मुलांना नेऊ नका, कंटाळतील.

पाण्यावर जायचंच, पण कुठून?

थाउजंड आयलंड्स म्हणजे प्रत्यक्षात १८०० च्या वर बेटं. त्यांच्या बोटी किंग्स्टनहूनही सुटतात आणि ३० किलोमीटरवरच्या गॅनानोक्वेहूनही. बेटांची दाटी गॅनानोक्वेच्या बाजूला आहे. किंग्स्टनच्या दीड तासाच्या फेरीत मुख्यतः बंदर, किल्ला, बुरूज आणि पहिली काही बेटं दिसतात. बेटांसाठी तीन तासांची घ्यावी लागते. म्हणून गाडी असेल तर गॅनानोक्वे, नसेल तर किंग्स्टनची तीन तासांची. गॅनानोक्वेला गाडीशिवाय जाण्याचा खटाटोप करू नका.

इथे एक गोष्ट नीट वाचा. गॅनानोक्वेच्या सगळ्यात लांब फेरीत बोल्ट कॅसलला उतरवतात. तो किल्लेवजा वाडा हार्ट आयलंडवर आहे आणि हार्ट आयलंड अमेरिकेत आहे. उतरायचं तर पासपोर्ट लागतो, आणि तो भारतीय असेल तर अमेरिकेचा व्हिसाही. आई-बाबा कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसावर आले असतील आणि अमेरिकेचा नसेल, तर नुसती बाजूने जाणारी फेरी घ्या. वाडा बोटीतूनही छान दिसतो, आणि फोटोत काही फरक पडत नाही.

आणि ज्यांना बोटीवर एक डॉलरही खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी वुल्फ आयलंड या समोरच्या बेटाची सरकारी फेरीबोट. सिटी हॉलपासून चालत पाच-सात मिनिटांवर धक्का, प्रवास वीसेक मिनिटांचा, तिकीट शून्य. उन्हाळ्यात गाड्यांची रांग पार रस्त्यावर येते आणि एखादी फेरी हुकतेही. पायी माणूस मात्र रांगेच्या बाजूने चालत जाऊन थेट चढतो. डेकवर मागच्या कठड्याशी उभे राहा. आधी घुमट, मग चर्चचे मनोरे, मग टेकडीवरचा किल्ला असं सगळं गाव हळूहळू एका चौकटीत येतं, आणि समोर बेटावरच्या पवनचक्क्या मोठ्या होत जातात. पलीकडे मेरीजव्हिल नावाचं चिमुकलं गाव आहे. आइसक्रीम खा आणि पुढच्या फेरीने परत या. जुलै असला तरी जॅकेट न्या, वारा झोंबतो.

जेवणाचं फार सांगायला नको. प्रिन्सेस स्ट्रीटवर भारतीय हॉटेलं आहेत, विद्यार्थ्यांचं गाव असल्याने शाकाहारी जेवणाचेही वांधे होत नाहीत.

मोसम मात्र बघा. बोटी साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत चालतात, तुरुंग आणि किल्लाही थंडीत बंद असतात. दिवाळीनंतर जाणार असाल तर वुल्फ आयलंडची फेरी, मार्केट स्क्वेअरमधली बर्फाची रिंक आणि गरम सूप एवढंच हाती लागेल. तेवढ्यासाठी बर्फात ४०१ वर गाडी काढू नका, रेल्वेनेच जा.