बोर्ड, बटणांचं यंत्र की टॅब? बोलता न येणाऱ्या आपल्या माणसासाठी काय घ्यायचं

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही, ८ वर्षांचा आहे, समजतं सगळं पण शब्द फुटत नाही, आणि फोंड्याला आमच्या घरात यातलं बरंच वापरून झालंय म्हणून लिहितेय. लोक पहिल्यांदा विचारतात टॅब कुठला घेऊ. त्याआधी बघा की त्या माणसाची कुठली हालचाल दरवेळी नक्की होते, बोट, अख्खी मूठ, मान की फक्त डोळे.

चित्रांचा बोर्ड सगळ्यात स्वस्त. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून प्रिंट करायचे आणि लॅमिनेट करायचे, आमच्या पावसात नुसता कागद टिकत नाही. लाइट गेली तरी चालतो, शिवाय आजी कोंकणीत बोलते आणि ताई मराठीत, चित्र दोघींना तेच. आमची चूक एवढीच झाली की पहिल्या बोर्डावर पेज, पाव, केळं, पाणी असं फक्त खायचंच होतं, मग पोरगा दुसरं सांगणार तरी काय? 'नको', 'थांब', 'अजून', 'दुखतं' टाकलं आणि त्याच आठवड्यात त्याने 'नको' वर मूठ ठेवून आंघोळ थांबवली, ताई रडलीच. आपणही बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवायचं, नाहीतर मूल शिकणार कुठून. बोर्डाची अडचण ही की समोरच्याने बघायला लागतं, दुसऱ्या खोलीतून हाक मारता येत नाही.

हाक मारायला बटणांचं यंत्र, चौकोन दाबला की रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकू येतं. गोटॉक ९ प्लसमध्ये ९ मोठे चौकोन आणि ५ पातळ्या, पातळी बदलली की त्याच चौकोनांत दुसरी वाक्यं, म्हणजे ४५ वाक्यं, वर ३ कायमची. आवाज आपणच रेकॉर्ड करायचा, त्यामुळे कोंकणीही चालते. त्याच्याच वयाच्या मुलाकडून रेकॉर्ड करून घ्या, मोठ्या बाईच्या आवाजात मुलगा बोलतोय असं नको. पण पातळी बदलली की वरचा चित्रांचा कागद दुसऱ्याने बदलून द्यायला लागतो.

टॅबमध्ये शब्द भरपूर. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे अॅप फुकट आहे, मराठीत बोलतं, सुरुवात त्यानेच करा. चेन्नईचं 'आवाज' नावाचं अॅप पैसे भरून घ्यायला लागतं, शब्दसाठा वाढवत न्यायचा तर ते बघा. बोट घसरत असेल तर टॅबने चिडचिड होते, उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि कृपा करून त्याच टॅबवर यूट्यूब ठेवू नका. नजरेवर चालणारी यंत्रं लाखांच्या घरात जातात, आधी पारदर्शक अॅक्रिलिकच्या पाटीवर चार कोपऱ्यांत चित्रं लावून नजर टिकते का बघा.

मोठ्या माणसांचं वेगळं. मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायू हळूहळू निकामी होतात, पण बहुतेकांची भाषा शाबूत असते, अक्षरांचा बोर्ड चालतो, आवाज आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवा. पक्षाघातानंतर भाषाच गेली असेल तर अक्षरं बहुतेक वेळा उपयोगी नाहीत, घरचे फोटो लावा.

यंत्र दिलं तर मूल बोलायचंच नाही ही भीती सोडा. २००६ साली छापलेल्या एका आढाव्यात अशी साधनं वापरणाऱ्या २७ जणांची नीट माहिती तपासली होती, त्यात बोलणं कमी झालेला एकही नव्हता, ८९ टक्क्यांचं वाढलं. आमचा आता 'माय' म्हणतो, बोर्डावर मूठ ठेवता ठेवताच आलं ते.