गॅरँड की कार्बाइन? पहिली जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेण्याआधी

रेंजवर थोडी सवय झाली, .२२ च्या छोट्या रायफलीवर हात बसला, की दुसऱ्या महायुद्धातली एखादी रायफल आपल्याकडे असावी असं बऱ्याच जणांना वाटू लागतं. अमेरिकेत ही इच्छा बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबते: एम-१ गॅरँड आणि एम-१ कार्बाइन. नावं जुळी वाटली तरी काडतूस वेगळं, मॅगझिन वेगळं, यंत्रणा वेगळी. माझ्याकडे दोन्ही आहेत. कोणती घेऊ असं कोणी विचारलं, तर मी आधी उलट दोन प्रश्न विचारते: काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत, म्हणजे केसमध्ये, पावडर आणि बुलेट घालून काडतुसं घरीच भरणार का? आणि लोखंडावरचे शिक्के वाचत बसायची आवड आहे का? निवड या दोन उत्तरांवर ठरावी असं माझं ठाम मत आहे.

कायदा आधी

एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्ड असेल तर परवानाधारक दुकानातून, राज्याचे नियम पाळून, रायफल घेता येते. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, ज्याला सगळे सीएमपी म्हणतात, तिथून सरकारी साठ्यातली गॅरँड घ्यायची तर मात्र अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, शिवाय संलग्न क्लबचं सदस्यत्वही.

न्यू जर्सीत आपली माणसं भरपूर, म्हणून हे मुद्दाम सांगते. तिथल्या बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत ‘एम-१ कार्बाइन प्रकार’ नावानिशी आहे. गॅरँड त्या यादीत नाही. म्हणजे एडिसनला राहणाऱ्यासाठी ही तुलना इथेच संपते. कॅलिफोर्नियात अडचण वेगळी: कार्बाइनचं मूळ मॅगझिन १५ काडतुसांचं, आणि तिथे दहाची मर्यादा आहे. गॅरँडमध्ये आठच काडतुसं बसतात, तीही क्लिपसकट (काडतुसं एकत्र धरणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) आत जातात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

हातात घेतल्यावर

गॅरँड हे जॉन गॅरँड यांचं काम. जन्म क्यूबेकचा, आणि नोकरीचा मोठा काळ मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत. १९३६ साली अमेरिकन सैन्याने ही रायफल स्वीकारली. पुढे सर्व कारखाने मिळून पन्नास लाखांहून जास्त नग बनले. वजन साधारण ४.३ किलो, बॅरल (नळी) २४ इंची, काडतूस थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६). कार्बाइन १९४१ ची. ड्रायव्हर, तोफखान्यातला गडी, सिग्नलवाला, अधिकारी अशा ज्यांना मोठी रायफल अडचणीची होती, पण पिस्तूल पुरत नव्हतं, त्यांच्यासाठी ती केली. वजन अडीच किलोच्या आत, बॅरल १८ इंची. तिच्या काडतुसाची ऊर्जा गॅरँडच्या काडतुसाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

खांद्याला हा फरक लगेच जाणवतो. कार्बाइन पहिल्यांदा चालवणारा माणूस मॅगझिन संपेपर्यंत थांबत नाही. गॅरँडचा धक्का वजनामुळे बराच मुरतो, पण चाळीस-पन्नास बार झाले की खांदा बोलू लागतो. नेमाचं म्हणाल तर गॅरँड २०० यार्डांवर खरी रमते, सीएमपीचा गॅरँड सामनाही त्याच अंतरावर होतो. कार्बाइनचा सामना १०० यार्डांवर असतो, आणि तेच तिचं योग्य अंतर आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला शिकवायचं असेल, किंवा मनगट-खांद्याचं दुखणं असेल, तर कार्बाइनचं पारडं जड.

गॅरँड भरायची रीत मात्र शिकून घ्यावी लागते. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे अडकलेला असतो. आठ काडतुसांची क्लिप अंगठ्याने खाली दाबली की शेवटच्या टप्प्याला बोल्ट सुटतो आणि पुढे झेपावतो. तेव्हा तळहाताची कड ऑपरेटिंग रॉडच्या (बोल्टला मागे-पुढे नेणाऱ्या दांड्याच्या) हँडलवर टेकवून ठेवायची, अंगठा वर काढायचा, मगच हँडल सोडायचं. हे रिकाम्या रायफलीवर, डमी काडतुसांनी, जाणत्याच्या समोर बसून शिका.

काडतुसं भरणं: खरा फरक इथे

दुकानात मिळणारं थर्टी-ऑट-सिक्स बहुतेक शिकारीसाठी असतं आणि त्यातलं बरंच गॅरँडला मानवत नाही. कारण यंत्रणेत आहे. गॅरँडचं गॅसचं भोक नळीच्या तोंडापाशी आहे. तिथून घेतलेला गॅस ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. पावडर मंद जळणारी असेल किंवा बुलेट फार जड असेल, तर गोळी तोंडाशी पोचते तेव्हाही मागे दाब बराच उरलेला असतो, आणि रॉडवर मुळात अपेक्षित नव्हता इतका जोराचा फटका बसतो. लांब, वाकणाचा तो रॉड अशाने वाकतो. म्हणून गॅरँडवाले आयएमआर ४८९५, आयएमआर ४०६४ अशा मध्यम गतीच्या पावडरींपाशीच राहतात, आणि १५० ते १७० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) आसपासच्या बुलेट वापरतात. हॉर्नडी कंपनीच्या काडतुसं भरण्याच्या पुस्तकात गॅरँडसाठी वेगळा विभाग आहे. आकडे तिथूनच घ्यावेत, थर्टी-ऑट-सिक्सच्या सर्वसाधारण पानावरून नव्हे. गॅस प्लग बदलून जादा गॅस बाहेर सोडता येतो, पण माझ्या मते नवशिक्याने प्लगवर विसंबण्यापेक्षा योग्य पावडर वापरावी.

कार्बाइनचं गॅसचं भोक चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या जागेच्या, जवळ आहे आणि छोटा पिस्टन बोल्ट मागे नेणाऱ्या स्लाइडला फक्त एक टपली मारतो. तिला मानवणारी पावडर एच-११० किंवा डब्ल्यू-२९६, बुलेट ११० ग्रेनची. इथे एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. इतर पावडरींत कमी भरून सुरुवात करणं सुरक्षित. एच-११० मात्र पुस्तकात दिलेल्या किमान आकड्याच्या खाली नेऊ नये, ती नीट पेटत नाही.

पितळी केस दोन्हींना वेगवेगळी वागणूक मागतात. गॅरँडची केस पूर्ण लांबीच्या डायमधून (केस पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढायची, तिचा खांदा (निमुळता होणारा भाग) किती मागे गेला ते केस गेजमध्ये पाहायचं आणि लांबी वाढली असेल तर कापायची. यंत्रणा जोरात खेचत असल्याने केस ताणली जाते. तळाच्या वर चकचकीत कडं दिसू लागलं की ती केस फेकून द्यायची. कार्बाइनच्या केसला खांदाच नाही. ती चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकते. त्यामुळे तिथे लांबी हाच जीव: जास्त लांब झाली तर बोल्ट नीट बंद होणार नाही, फार आखूड कापली तर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, बिघडेल. क्रिंपही (बुलेट पकडायला केसचं तोंड आवळणं) हलका, टेपर पद्धतीचा. तोंड आत वळवलं तर टेकायला कड उरत नाही. केसला थोडा उतार आहे, म्हणून कार्बाइड डाय असली तरी मी थोडं वंगण लावतेच.

प्रायमरची, म्हणजे केसच्या तळातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची, बाब दोघींना समान, आणि सगळ्यांत गंभीर. दोन्ही रायफलींत फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नाही. बोल्ट पुढे आपटला की पिन स्वतःच्या वजनाने प्रायमरला हलकीच टेकते. प्रायमर केसच्या तळाच्या वर डोकावत असेल, तर घोडा न दाबताही बार उडू शकतो. म्हणून प्रत्येक केसच्या तळावरून बोटाचं टोक फिरवायचं: प्रायमर किंचित आत लागला पाहिजे, पातळीवर असून चालत नाही. गॅरँडसाठी सीसीआय ३४ सारखे कडक लष्करी प्रायमर मिळतात, ते वापरा. आणि सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकून त्यावर बोल्ट सोडू नका. क्लिपमधून किंवा मॅगझिनमधून वर येताना काडतुसाच्या घर्षणाने बोल्टचा वेग थोडा कमी होतो. तो अडसर तिथे नसतो.

खर्चात कार्बाइन सरळ जिंकते. पाऊंडभर पावडरीत गॅरँडची साधारण दीडशे काडतुसं होतात, कार्बाइनची साडेचारशेच्या घरात. पण कार्बाइन पितळ लांब उडवते आणि त्या छोट्या केस गवतात सापडत नाहीत. गॅरँडच्या केस मोठ्या असतात, आणि ग्रीसमधल्या जुन्या एचएक्सपी शिक्क्याच्या केस तर जपून ठेवण्यासारख्या. तयार काडतुसं विकत घेऊनच चालवायचं ठरवलं असेल, तर कार्बाइन घ्या. गॅरँडची खरी गोडी प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरण्याच्या यंत्रावर, बसणाऱ्यालाच लाभते.

जुनी लष्करी काडतुसं स्वस्तात मिळाली तर एक भान ठेवा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकन थर्टी-ऑट-सिक्सचे प्रायमर बहुतेक गंजवणारे होते. चालवल्यावर त्याच दिवशी नळी आणि गॅस सिलिंडर पाण्याने धुवून, पुसून, तेल द्यावं लागतं. कार्बाइनचं अमेरिकन काडतूस पहिल्यापासून न गंजवणाऱ्या प्रायमरचं आहे.

शिक्के वाचणं

गॅरँडचा नंबर रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या मुख्य सांगाड्याच्या) मागच्या टोकावर असतो, कारखान्याच्या नावाखाली. युद्धकाळात फक्त दोघांनी बनवल्या: स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि विंचेस्टर. कोरियन युद्धाच्या सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आले. स्प्रिंगफील्डचा नंबर ४२ लाखांच्या पुढे असेल तर रिसीव्हर युद्धानंतरचा. मग ऑपरेटिंग रॉड मागे ओढा: बॅरलच्या उजव्या बाजूला महिना आणि साल दिसतं. रिसीव्हर १९४३ चा आणि बॅरल १९५२ ची निघाली तर दचकू नका. युद्धानंतर सरकारी कारखान्यांनी लाखो रायफली उघडल्या, भाग एका ढिगात टाकले, चांगले निवडून पुन्हा जोडले. बोल्टवर डी२८२८७ असेल तर तो युद्धकाळातला, ६५२८२८७ असेल तर नंतरचा.

ऑपरेटिंग रॉडमध्ये संग्राहक आणि नेमबाज यांची वाट वेगळी होते. सुरुवातीच्या रॉडला जोडापाशी काटकोनी कोपरा होता आणि तिथून तडा जायचा. नंतर तिथे अर्धगोल खाच कापून ताण कमी केला गेला. खाच न कापलेला रॉड मूळ रूपातला म्हणून संग्राहक जास्त पैसे मोजतो. चालवायच्या रायफलीत मात्र खाचेचाच हवा.

कार्बाइनचा शोध याहून रंगतदार आहे, आणि त्याचा मला खरोखर लळा आहे. साठ लाखांहून जास्त कार्बाइन बनल्या, आणि बनवणारे बंदूकवाले क्वचितच. विंचेस्टर होती, पण जनरल मोटर्सचे इनलँड आणि सॅगिनॉ हे विभाग, टाइपरायटरवाली अंडरवूड, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला, आयबीएम, नॅशनल पोस्टल मीटर अशी मंडळीही होती. भाग कमी पडले की एक कारखाना दुसऱ्याला पुरवायचा. त्यामुळे कारखान्यातून नवी निघालेली कार्बाइनही मिश्र भागांची असू शकते. बहुतेक छोट्या भागांवर एक-दोन अक्षरं असतात, डब्ल्यू म्हणजे विंचेस्टर, यू म्हणजे अंडरवूड, आर म्हणजे रॉक-ओला, आणि पुष्कळदा पुढचं अक्षर उपकंत्राटदाराचं. कारखान्याचं नाव रिसीव्हरवर मागच्या साइटपाशी असतं, आणि नंतर बसवलेली फिरती साइट (नेम जुळवता येणारी) नेमकं तेच झाकते. टॉर्च आणि भिंग घेऊन जा.

फिरती साइट, गोल फिरणारी सेफ्टी आणि बायोनेटची कडी एकत्र दिसली तर ती कार्बाइन बहुधा युद्धानंतर दुरुस्त झालेली. साधी उलटणारी साइट, दाबायची सेफ्टी आणि कडी नाही, हे युद्धकाळाच्या पूर्वार्धातलं रूप. पण हे भाग बाजारात सुटे मिळतात, आणि दुरुस्त कार्बाइन मूळ रूपात ‘परत आणून’ दुप्पट भावाला विकली जाते. युनिव्हर्सल किंवा प्लेनफील्ड हे नाव दिसलं तर ती युद्धानंतरची नागरी नक्कल आहे. लष्करी कार्बाइनचा भाव तिला देऊ नका.

दोन्हींबाबत एक सूचना. ‘ही नॉर्मंडीला होती’ या गोष्टीसाठी एक डॉलरही जादा देऊ नका. कोणता नंबर कोणत्या शिपायाच्या हातात गेला, याची नोंद बहुतेक नंबरांसाठी उपलब्धच नाही.

घेताना

गॅरँडसाठी सीएमपी हा आजही पहिला पर्याय: तिथे रायफल तपासून प्रतवारी केलेली असते. गॅरँड कलेक्टर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की क्लबची अट पुरी होते आणि माहितीचाही साठा हाती येतो. कार्बाइनचा सीएमपीतला नेहमीचा साठा केव्हाच संपला. आता खासगी विक्री आणि लिलाव. म्हणून बरी लष्करी कार्बाइन बऱ्याचदा गॅरँडपेक्षा महाग पडते, वजनाने निम्मी असूनही. कोरियातून परत आलेल्या, ‘ब्लू स्काय’ असा आयातदाराचा खोल शिक्का बॅरलवर असलेल्या रायफली संग्राहक टाळतात. नुसती चालवायची असेल तर शिक्क्यामुळे भाव पडलेला असतो, तो फायदा तुमचा. आधी बॅरल मात्र गेजने मोजून घ्या: गॅरँडमध्ये चेंबरच्या पुढची झीज आणि तोंडाची झीज, दोन्ही.

कोणी एसकेएसही सुचवील. ती मजबूत, सोव्हिएत घडणीची रायफल आहे, पण तिच्या स्वस्त काडतुसांच्या पोलादी केस बहुतेक बर्डन प्रायमरच्या, घरी पुन्हा भरायला गैरसोयीच्या. प्रेस घेऊन बसणाऱ्यासाठी ती माझ्या यादीत तिसरी.

प्रेस आहे, २०० यार्डांची रेंज जवळ आहे आणि नागरिकत्व आहे, तर गॅरँड घ्या, आणि सीएमपीच्या प्रतवारीतली सर्व्हिस ग्रेडची घ्या. रेंज १०० यार्डांची असेल, घरात दोघं-तिघं चालवणार असतील आणि तयार काडतुसांवर भागवायचं असेल, तर कार्बाइन घ्या. मात्र पहिला बार काढण्याआधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून हेडस्पेस मोजून घ्या आणि ऑपरेटिंग रॉडची स्प्रिंग नवी टाका.