सिनॉलॉजी डीएस४२३+ : दोन दिवाळी अंकांच्या मोसमांनंतर

आमचं काम अक्षरजुळणी आणि अंकाच्या मांडणीचं. सदाशिव पेठेत दोन खोल्या, पाच संगणक, आणि गणपती गेले की दिवाळी अंकांची झुंबड. सिनॉलॉजीची ही पेटी, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारी हार्ड ड्राइव्हची पेटी, येईपर्यंत फाइली पेनड्राइव्हवरून फिरायच्या. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘अण्णांनी पाहिलेली फायनल’. यातली कोणती प्रेसला गेली, ते छापील अंक हातात आल्यावर कळायचं. एका अंकात कवितेचं शेवटचं कडवं जुन्या प्रुफातलं छापून गेलं आणि कवींनी फोनवर मला ते दुरुस्त कडवं तीनदा म्हणून दाखवलं. त्याच आठवड्यात मी पेटी घेतली.

पेटीला चार खण आहेत. मी तीनच भरले, ४ टीबीच्या तीन ड्राइव्ह घालून. दुकानदार सीसीटीव्हीच्या स्वस्त ड्राइव्ह गळ्यात मारत होता, पण भाच्याने हात धरला. पेटी, ड्राइव्ह आणि यूपीएस मिळून लाखाला थोडे कमी पडले. १२ टीबी विकत घेऊन वापरायला ८ मिळतात हे ऐकल्यावर मला ती लबाडीच वाटली होती. तेव्हा भाच्याने जेवणाच्या डब्याच्या झाकणावर पेनाने समजावलं: पहिल्या ड्राइव्हवर १ आणि दुसरीवर ० असेल, तर तिसरीवर १ लिहायचा; दोन्हींवर सारखंच असेल, तर ०. आता कोणतीही एक झाकून ठेव, उरलेल्या दोघी तिचं उत्तर सांगतात. मुद्रितशोधनात इतकी वर्षं घालवलेल्या बाईला हे लगेच पटलं. ताळा धरून ठेवायचा, मूळ हरवलं तरी चालतं.

ही युक्ती आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांच्या नावावर आहे. बिघडलेल्या साठवण-युनिटमधला मजकूर परत मिळवण्याच्या पद्धतीचं त्यांचं अमेरिकी पेटंट १९७८चं. अनेक ड्राइव्ह अशा एकत्र बांधण्याला ‘रेड’ हे नाव मात्र पुढे बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी दिलं. त्यांचा गाजलेला निबंध १९८८चा. पेटंटची मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षांची असे, म्हणजे १९९५पासून कल्पना सगळ्यांची. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीत ती फुकट मिळते आणि या पेटीच्या पोटातही लिनक्सच आहे. मग आपण पैसे कशाचे मोजतो? मला विचाराल तर, हे सगळं मला कळायची गरज पडू नये याचे.

परीक्षा पहिल्याच मोसमात झाली. ऐन सप्टेंबरात एक ड्राइव्ह गेली (तिची कंपनी दुसरीच, नाव घेत नाही). पेटी पीं-पीं करायला लागली, म्हणून आमचा ऑपरेटर ओव्हन शोधत खालच्या बेकरीपर्यंत जाऊन आला. काम एक मिनिट थांबलं नाही. पेटी चालू ठेवूनच खण ओढला, नवी ड्राइव्ह बसवली, आणि दिवसभर जाहिरातींची पानं लावत असताना मागे ती भरत राहिली. रात्री साडेनऊला हिरवा दिवा लागला.

पण खरं सांगायचं तर ड्राइव्ह जाण्याचा प्रसंग दोन वर्षांत एकदाच आला. माणसं मात्र दर आठवड्याला चुकतात, आणि हिशोब केला तर ही पेटी तिथेच वसूल झाली. मी दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे फाइली त्या क्षणी जशा होत्या तशी नोंद, लावून ठेवलाय. एका शनिवारी संध्याकाळी ४० पानांच्या कथाविभागावर कोणीतरी जुनं फोल्डर चिकटवलं. “ताई, सगळं गेलं,” म्हणत पोरगी रडवेली. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक केलं, चार वाजताची प्रत उचलली, पाच मिनिटांत चहा. आरशासारखी दुसरी ड्राइव्ह असती तर चूकही इमानाने दोन्हीकडे उमटली असती. एकच फाइल दोघांनी उघडण्याची भानगडही मिटली: पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन दुसऱ्याला सांगतं की फाइल आधीच कोणीतरी उघडलीय. मग पूर्वीसारखीच, खोलीतल्या खोलीत हाक मारायची.

तक्रारी आहेत. या किमतीला नेटवर्कची दोन्ही तोंडं १ गिगाबिटचीच, म्हणजे सेकंदाला साधारण ११० एमबी. पानांना पुरतं, व्हिडिओवाल्यांनी दुसरं बघावं. मेमरी २ जीबी, तीही कंजूषपणाच. आणि २०२५च्या नव्या प्लस मॉडेलांत कंपनीने आधी स्वतःच्या यादीतल्याच ड्राइव्हची अट घातली, ओरड झाल्यावर ती सैल केली. घेताना मॉडेल नीट पाहा.

यूपीएसवर काटकसर करू नका. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. यूपीएसची यूएसबी वायर जोडलेली असली की पेटी आपली आपण सभ्यपणे बंद होते. आणि एवढं असूनही खोलीला आग लागली किंवा चोर आला तर तिन्ही ड्राइव्ह एकदमच जाणार, तिथे ओउचींचा ताळा काय करणार? म्हणून दर शनिवारी एका बाहेरच्या डिस्कवर प्रत घेते आणि ती पर्समधून घरी नेते, पिठाच्या डब्यामागे ठेवते. चौथा खण अजून रिकामा आहे. यंदा पितृपक्षाच्या आत भरेन म्हणते, म्हणजे अंकांच्या गर्दीत हात घालावा लागणार नाही.