सीएचमॉड सिस्टिम कॉल: आठ महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहून दिलाय. सी भाषेत, डेबियन लिनक्सच्या एका जुनाट डबड्यावर. काट्यावर क्रेट चढलं की सिरियल पोर्टवरून आकडा येतो, बागायतदाराच्या नावाची फाइल तयार होते आणि रात्री हिशेबाच्या खोलीत त्यावरून हिशेबपट्टी निघते. आधी फाइलींच्या परवानग्या, म्हणजे कुणी वाचायचं आणि कुणी लिहायचं ते, शेल स्क्रिप्टमधून बदलायचो. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास ते सगळं काढून सीएचमॉड (chmod) या सिस्टिम कॉलवर आलो, म्हणजे प्रोग्रॅमने थेट कर्नललाच, लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं, कारण प्रत्येक क्रेटमागे एक शेल उठवायची म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर काढल्यासारखं होत होतं. आता हंगाम संपलाय, म्हणून हा अनुभव.

कॉल दिसायला अगदी गरीब. दोन गोष्टी द्यायच्या: फाइलचा पाथ आणि परवानगीचा आकडा. शून्य परत आला तर झालं, उणे एक आला तर एररनो, म्हणजे काय चुकलं त्याचा नंबर, बघायचा. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येही तो होता आणि तिथे त्याचा नंबर १५ होता. ३२ बिट इंटेलवरच्या लिनक्समध्ये आजही १५ च आहे, ६४ बिटवर ९०. इतकं जुनं आणि इतकं छोटं काम म्हटल्यावर त्यात फसायला काय असणार, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात फसलो. परवानगीचा आकडा मी कॉन्फिग फाइलमध्ये ठेवला होता, ६४४ असा. तीन आकडे म्हणजे मालक, गट आणि बाकीचे; ४ म्हणजे वाचणं, २ म्हणजे लिहिणं, ६ म्हणजे दोन्ही, आणि हे सगळं ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर. प्रोग्रॅम तो एटूआयने (atoi, मजकूर दशमान आकडा म्हणून वाचणारं फंक्शन) वाचायचा. म्हणजे कर्नलला गेला साधा दशमान सहाशे चव्वेचाळीस, आणि तोच ऑक्टलमध्ये मांडला की होतो १२०४. आता हे १२०४ नीट बघा. मालकाला फक्त लिहायची परवानगी, वाचायची नाही. गटाला काहीच नाही. बाकी सगळ्या जगाला वाचायला मोकळं. वर पहिल्या १ मुळे स्टिकी बिट, ही एक जादा खूण, फुकट. मालक म्हणजे माझा प्रोग्रॅम, तो दिवसभर खुशाल लिहीत राहिला. हिशेबाची खोली गटात, त्यांना रात्री एक अक्षर दिसेना. आणि गेटवरच्या वॉचमनच्या लॉगिनवरून सगळ्यांची वजनं वाचता येत होती. सीएचमॉडने शून्य दिला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. १२०४ हा त्याच्या लेखी चांगला वैध आकडा आहे. आता एसटीआरटूएल (strtol) या फंक्शनला पाया आठ सांगून वाचतो. कोडमध्ये आकडा लिहायचा असेल तर आकड्याआधीचं शून्य विसरायचं नाही, सी त्यावरूनच ऑक्टल ओळखते.

दुसरा फटका जास्त लागला. रोजच्या भावाची एक फाइल असते, पॅकहाउसचे मालक आणि मी सोडून ती कुणी बघायची नाही. मी ती एफओपनने (सीच्या फाइल उघडायच्या फंक्शनने) बनवायचो आणि लगेच पुढच्या ओळीत सीएचमॉड ०६००. एफओपन ०६६६ मागतं, यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून काढून टाकायच्या परवानग्या, ०२२ असेल तर त्यातून उरतात ०६४४. म्हणजे फाइल जन्मते तेव्हा सगळ्यांना वाचता येणारी, कुलूप नंतर लागणार. मधला वेळ मिलिसेकंदाचाही नसेल. पण गेटवरच्या स्क्रीनसाठी मीच एक स्क्रिप्ट लावली होती, त्या फोल्डरमध्ये नवीन फाइल आली रे आली की ती टेल (फाइलीत येईल ते दाखवत राहणारी कमांड) लावून बसायची. एके दिवशी ती नेमकी मधल्या फटीत घुसली. नंतर सीएचमॉडने ०६०० करूनही तिचं वाचन चालूच, कारण कर्नल परवानगी तपासतो ती फाइल उघडताना. एकदा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा नंबर, हातात पडला की मागून दार लावून उपयोग नाही. संध्याकाळी एका बागायतदाराचा फोन आला, 'दादा, शेजारच्याला आमच्यापेक्षा दोन रुपये जास्त कसे?' भाव फुटला होता. मालक माझ्यावर ओरडले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त वाईट.

तेव्हापासून लपवायची फाइल ओपननेच ०६०० वर बनवतो, ओ-क्रिएट (नसेल तर बनव) आणि ओ-एक्सक्ल (आधीच असेल तर नको) लावून. यूमास्क बिट काढतो, कधी घालत नाही, त्यामुळे ०६०० च्या वर काही जात नाही. मजकूर पूर्ण झाला की कुणाला दाखवायचा असेल तर परवानगी सैल करायची, आणि मग रीनेम. सीएचमॉडच्या कॉलला यूमास्क लागत नाही हेही तेव्हाच ध्यानात आलं. जे द्याल ते तसंच लागतं.

पाथवाला सीएचमॉड मी आता जवळजवळ सोडलाय, एफसीएचमॉड वापरतो, त्याला पाथऐवजी डिस्क्रिप्टर द्यायचा. तो १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनचा. पाथ म्हणजे रिक्षावाल्याला 'पंडित कॉलनी' सांगणं. जुनी की नवी, ते पोचल्यावर कळणार. तुम्ही स्टॅटने (फाइलची माहिती देणाऱ्या कॉलने) एक फाइल तपासली आणि सीएचमॉडला तोच पाथ दिला, पण मधे कुणी त्या जागी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, ठेवली, तर परवानगी बदलते लिंकच्या पलीकडच्या फाइलची. प्रोग्रॅम रूटने, सगळे अधिकार असलेल्या यूजरने, चालत असेल तर मग विचारूच नका. डिस्क्रिप्टरचं तसं नाही, माणसाचा हातच धरलेला असतो. एफसीएचमॉडॅट नावाचा तिसरा भाऊही आहे, पण लिनक्समध्ये 'लिंकच्या मागे जाऊ नको' हे सांगायला त्या कॉलमध्ये कित्येक वर्षं जागाच नव्हती. त्यासाठी ६.६ कर्नलमध्ये एफसीएचमॉडॅट२ आला. माझ्या डबड्यावर तो नाही, म्हणून ओ-नोफॉलो लावून उघडतो आणि मग एफसीएचमॉड.

पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण कापलेत ते शून्य देऊन गप्प बसण्याबद्दल.

हिशेबाच्या फोल्डरमध्ये सेटजीआयडी बिट हवा होता, म्हणजे नवीन फाइली आपोआप हिशेबाच्या गटात जातील. ०२७७० दिलं, शून्य आलं, स्टॅट केलं तर ०७७०. प्रोग्रॅमचा यूजर त्या गटात नसेल आणि त्याला खास अधिकार नसतील, तर कर्नल तो बिट गुपचूप काढून टाकतो. एरर नाही, काही नाही. मॅन पेजमध्ये लिहिलंय म्हणा, पण मॅन पेज आपण फसल्यावरच वाचतो. पेनड्राइव्हचंही तसंच. त्यावर फॅट३२, तिथे मालक-गट-इतर असली भानगडच नाही, फक्त 'रीड ओन्ली'ची एक खूण. ०६०० दिलं, शून्य आलं, परवानग्या होत्या तशाच.

आणि एसीएल, म्हणजे एकेका यूजरला नावाने परवानगी द्यायची यादी. सीए साहेबांना दुरुस्त्या करता याव्यात म्हणून त्यांच्या लॉगिनला सेटएफएसीएलने वाचायची-लिहायची वेगळी मुभा दिली होती. माझा प्रोग्रॅम रात्री सगळ्या फाइलींना ०६४० लावायचा. एसीएल असलेल्या फाइलवर सीएचमॉडचा मधला आकडा गटाला लागत नाही, मास्कला लागतो, म्हणजे त्या यादीतल्या परवानग्यांच्या कमाल मर्यादेला. मास्क चारवर आला आणि साहेबांचं लिहिणं बंद. यादीत त्यांचं नाव परवानगीसकट तसंच दिसत होतं, त्यामुळे मला दोन रात्री कळलंच नाही की बिघाड माझ्याच ओळीत आहे.

ईपर्म, म्हणजे 'तुला हा अधिकार नाही' या एररबद्दल तक्रार कमी. फाइलमध्ये लिहायची परवानगी असली म्हणून तिची परवानगी बदलता येत नाही, त्यासाठी मालकच लागतो नाहीतर रूट. हिशेबाच्या खोलीतल्या ताई 'मी रोज हीच फाइल भरते, मग मला का नाही?' असं म्हणाल्या, तेव्हा त्यांना सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. वाटेकरी शेत कसतो, पण नाव सातबाऱ्यावर मालकाचं. त्यांना लगेच पटलं. त्यांच्या घरी दोन एकर असंच आहे.

आता प्रत्येक एफसीएचमॉडनंतर एफस्टॅट करतो, मोडला ०७७७७ ने अँड करून, म्हणजे फक्त परवानगीचे बिट ठेवून, मागितलेल्या आकड्याशी ताडून बघतो, जुळलं नाही तर लॉगमध्ये ओळ. पाच-सहा ओळींचा कोड आहे. वेळ लागतो असं कुणी म्हणेल, पण क्रेट चढवायला हमालाला जो वेळ लागतो त्यापुढे हे काहीच नाही.

एप्रिलमध्ये एका रात्री लॉग भरून आला. संध्याकाळी दोनदा लाइट गेली होती. काटा बंद, नवीन फाइल नाही, फक्त दिवसभराच्या फाइली ०४४० वर बंद करायचं रात्रीचं काम चालू होतं. या वेळी मात्र शून्य नव्हता. प्रत्येक फाइलला उणे एक आणि ईआरओएफएस, म्हणजे फाइलसिस्टिमच वाचण्यापुरती उरलेली. डिस्क मरायला टेकली होती आणि कर्नलने ती रीड ओन्ली करून टाकली होती. सकाळी सातला पहिला पिकअप यायच्या आत मी नवीन डिस्क घेऊन पोचलो.