घराच्या अलार्मचा किल्लीत अडकवायचा रिमोट: आठ महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात आमच्या गल्लीत भरदुपारी एक घर फोडलं. त्याच आठवड्यात मी ऑनलाइन अलार्मचा संच मागवला. खोक्यात एक पॅनेल, दारांना लावायचे दोन चुंबकी सेन्सर, हॉलमधली हालचाल ओळखणारा एक पीआयआर सेन्सर, एक भोंगा आणि दोन छोटे रिमोट. सगळं मिळून सात हजारांच्या आत. खोक्यावर 'कीफॉब' लिहिलंय, दुकानदार 'रिमोट' म्हणतात, आणि आमची आई त्याला 'किल्लीचं बटण' म्हणते. पॅनेलबद्दल, भोंग्याबद्दल लोक भरपूर लिहितात. मी या बटणाबद्दलच लिहितोय, कारण रोज हातात तेच असतं आणि माझी फजितीही त्यानेच केली.

आमचं नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे. खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. आईला कीपॅडवर चार आकडे दाबायचे म्हणजे आधी चष्मा शोधायचा, आणि तोवर भोंगा सुरू. म्हणून रिमोट. त्यावर चार बटणं आहेत: बंद कुलूप म्हणजे पहारा चालू, उघडं कुलूप म्हणजे बंद, घराचं चित्र म्हणजे आपण आत झोपलोय तेव्हा फक्त दारांवर नजर, आणि चौथं लाल, मदतीचं.

जोडणी कागदावर दोन ओळींची. पॅनेलवरचं लर्निंगचं बटण दाबायचं, दिवा लागला की रिमोटचं कुठलंही बटण दाबायचं, 'बीप' आलं की झालं. पहिला रिमोट लगेच जोडला गेला. दुसऱ्याच्या वेळी मी बटण दाबलं, दिवा लागला, आणि मी रिमोट दाबणार एवढ्यात बीप आलं. मी खूश. पण रिमोट काही केल्या चालेना. अर्धा तास तो मेलेला समजून परत पाठवायची तयारी केली, तेव्हा ध्यानात आलं: आई त्याच वेळी चहा घेऊन हॉलमधून आली होती. पीआयआरने तिला पाहिलं, त्याचा सिग्नल गेला, आणि पॅनेलने रिमोट समजून सेन्सरच नोंदवून घेतला. हे सगळे एकाच, ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीवर बोलतात आणि शिकायला बसलेलं पॅनेल पहिला जो आवाज येईल तो पकडतं. तेव्हा जोडणी करताना पीआयआरचा सेल काढून ठेवा. पुस्तिकेत हे एका शब्दानेही नाही.

दुसरा घोळ माझाच. पॅनेल कुणाला दिसू नये म्हणून मी ते लोखंडी कपाटामागे लावलं. मग गेटवरून रिमोट चालेना, पायरीवर येऊन दाबावं लागे. ते कपाटाबाहेर हातभर सरकवलं आणि आतली अँटेनाची तार, जी गुंडाळून कोंबली होती, ती सरळ खाली सोडली. या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटीमीटर, तिचा पाव म्हणजे १७; तार तेवढीच असते आणि ती सरळ असावी लागते. एवढं केल्यावर गेटच काय, समोरच्या रस्त्यावरूनही चालू लागला. गच्चीवरून मात्र आजही चालत नाही, मध्ये दोन स्लॅब आहेत. खोक्यावरचे ते '१०० मीटर' मोकळ्या मैदानातले समजायचे.

फोन आणि मेसेज करायला पॅनेलमध्ये मोबाइलचं सिम घालावं लागतं, त्याबद्दल एकच गोष्ट. आमचं पॅनेल टूजीचं आहे. फक्त फोरजीवर चालणाऱ्या कंपनीचं सिम त्यात मुकं बसतं. मी एक दिवस त्यात घालवला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा रिमोट एकतर्फी आहे. तो बोलतो, ऐकत नाही. बटण दाबलं की त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो, पण त्याचा अर्थ इतकाच की रिमोटने सिग्नल सोडला. पॅनेलपर्यंत तो पोचला का, हे त्या दिव्याला माहीत नसतं. पोचल्याची खूण म्हणजे भोंग्याची चिमणी: पहारा चालू झाला की एकदा 'चिक', बंद झाला की दोनदा. आई पहाटे साडेपाचला फिरायला निघते, त्यामुळे साडेपाचला चिक आणि साडेसहाला चिक-चिक. जूनमध्ये शेजारच्या काकूंनी हसतहसत, पण दोनदा, सांगितलं की त्यांना आता गजर लावावा लागत नाही. मी लाजून ती चिमणी बंद केली.

दिवाळीला आम्ही बहिणीकडे धुळ्याला गेलो. सामान, पोरं, फराळाचे डबे, सगळं गाडीत. मी गाडी गेटबाहेर काढून काचेतूनच बटण दाबलं, दिवा लुकलुकला, निघालो. तीन दिवसांनी परत येऊन दार उघडलं तर भोंगा गप्प. पॅनेलवरचा कुलपाचा दिवा विझलेला. म्हणजे तीन रात्री घराला फक्त साधं कुलूप होतं आणि मी धुळ्यात मेहुण्यांना अलार्म कसा घ्यावा यावर व्याख्यान देत होतो. चोरी झाली नाही हे नशीब. पण त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

कारण निघालं सेल. रिमोटमध्ये २७ए नावाचा १२ व्होल्टचा बारीक सेल असतो. तो एकदम मरत नाही, आधी पल्ला आटतो. मागे वळून पाहिलं तर महिनाभर मी नकळत गेटवरून पायरीकडे सरकलो होतो. नवा सेल आणायला गेलो तर दुकानदाराने न बघता २३ए दिला. तोही १२ व्होल्टचा, लांबी जवळजवळ तेवढीच, पण अंगाने जाड. घरी येऊन मी तो खोबणीत दाबून बसवायचा प्रयत्न केला आणि स्प्रिंग वाकवून घेतली. जुना सेल बरोबर न्या, हे सांगायला माझं एवढं नुकसान पुरेसं आहे. नवा चाळीस रुपयांना मिळाला, आणि स्प्रिंग चिमट्याने सरळ केली.

त्यानंतर दोन बदल केले. चिमणी परत चालू केली आणि काकूंना पेढे नेऊन दिले. शिवाय रिमोटने पहारा चालू-बंद केला की मोबाइलवर मेसेज यावा हा पर्याय लावला. तो पहिल्यापासून होता, पण मुळात बंद करून ठेवलेला. मेसेजचे पैसे वाचतात म्हणे.

बायकोचा रिमोट सप्टेंबरात बाजारात हरवला, तेव्हा आणखी एक उणीव कळली. या पॅनेलमधून एकटा रिमोट काढताच येत नाही. सगळे एकदम पुसायचे आणि उरलेले पुन्हा शिकवायचे. मी ते केलं, पण भाडेकरू किंवा कामवाल्या मावशींना रिमोट द्यायचा विचार असेल, तर प्रत्येक रिमोट वेगळा काढता येणारंच पॅनेल घ्या. थोडे पैसे जास्त जातील.

कोणी विचारेल, याची नक्कल करता येते का? येते. या स्वस्त रिमोटचा कोड २० बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या वीस आकड्यांचा, आणि कायमचा एकच असतो. दहा लाखांवर जोड्या होतात खऱ्या, पण ज्याने एकदा हवेतून रेकॉर्ड केला त्याला बाकीच्यांची गरजच नाही. दर दाबण्याला कोड बदलणारे रोलिंग कोडचे रिमोट वेगळे असतात. आमच्या गल्लीतला चोर कटावणी घेऊन आला होता, रेडिओ नाही, म्हणून मी यावर निभावतोय. सराफाचं दुकान असतं तर हा संच घेतला नसता.

लाल बटणाबद्दल आईचा एक गोड गैरसमज होता. तिला वाटायचं, भाजीबाजारात चक्कर आली तरी ते दाबलं की मला फोन येईल. तिला समजावलं की हे घराच्या आसपासच चालतं. "मग बाजारात काय करू?" "फोन कर ना, आई." "फोनला चष्मा लागतो," ती म्हणाली. या प्रश्नावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते बटण बटव्यात किल्ल्यांखाली दोनदा दाबलंही गेलं, एकदा भर दुपारी, तेव्हा पॅनेलने मला, बायकोला आणि धुळ्याच्या मेहुण्यांना ओळीने फोन लावले. आता बटणांवर सरकतं झाकण असलेला रिमोट साडेचारशेला वेगळा घेतलाय, तो आईकडे.

ती पहाटे गेट लावते, झाकण सरकवते, बटण दाबते आणि चिक ऐकू येईपर्यंत तिथेच उभी राहते. कधी रस्त्यावरून ट्रक जातो आणि तिला ऐकू येत नाही. मग काकू खिडकीतून ओरडतात, "वाजलं हो, जा तुम्ही!"